भिंतीकडे तोंड करून

शेषेरावांचे पत्र मला संक्रांतीच्या आसपास आले होते आणि मी त्याला उत्तर दिले नव्हते. आता गोदावरीच्या वाळवंटात टरबुजांचे वेल पसरले, दुपारी नांदेडच्या गल्ल्यांतून झळा मारू लागल्या, तरी ते पत्र माझ्या पंचांगात तसेच पडून होते. रोज सकाळी तिथी बघायला पंचांग उघडायचे, पत्र बाजूला सारायचे, तिथी बघायची आणि पत्र परत आत ठेवायचे, असे चालले होते. पत्र मोठे नव्हते. लातूरहून शेषेरावांनी आपल्या ठसठशीत, शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या सरळ ओळींत लिहिले होते: ‘रेणुकादासरावांना शेषेरावाचा रामराम. बैठक चालू हाय. तुमची चटई आम्ही गुंडाळली न्हाई. आमच्या केवळाक्काची गोष्ट लिहून झाली. ती म्हणते वाचाया रेणुकादासदादाच पाहिजेत, दुसऱ्याच्या तोंडून मला माझं ऐकायचं न्हाई. तवर कागद पेटीतून काढणार न्हाई म्हणते. आन तिनं तुम्हाला विचारलं व्हतं त्याचा जबाब राहिला हाय, ते बी लिही म्हणाली. कधी येता ते कळवा.’ एवढेच. याला दोन ओळींचे उत्तर पुरले असते. लातूरच्या कचेरीत नक्कलनवीस म्हणून मी उभी हयात काढली. दिवसभर दुसऱ्यांचे फैसले उर्दूत उतरवायचे, उजवीकडून डावीकडे. आणि संध्याकाळी घरी येऊन, कोणी बघत नाही असे पाहून, डावीकडून उजवीकडे आपले काहीतरी मराठीत लिहायचे. लिहिण्याचा कंटाळा मला कधीच नव्हता. तरी या दोन ओळी मला लिहिता येईनात.

कारण एका वाक्यात सांगता येण्यासारखे होते, पण ते वाक्य माझे नव्हते, शरदचंद्र वकिलांचे होते. पत्नी गेल्यावर मी लातूर सोडून इकडे उद्धवकडे आलो. उद्धव माझा मुलगा, इथल्या तहसिलीत आहे. म्हातारा दिवसभर खिडकीशी बसून राहतो हे त्याला बघवेना. म्हणाला, “बाबा, इथं वाचनालयात साहित्यप्रेमी लोकांचं मंडळ आहे. वकीलसाहेब अध्यक्ष आहेत, पुण्याला शिकलेले. तुम्ही जा की तिथं.” मी गेलो. बरोबर माझी एक अर्धी राहिलेली गोष्ट नेली. मी लाजरा माणूस. ती वकिलांच्या हातात देताना माझा तळहात ओला झाला होता. पुढच्या खेपेला चारचौघांत त्यांनी कागद परत केले आणि म्हणाले, “रेणुकादासराव, अक्षर सुरेख आहे.” सगळे हसले. मीही हसलो, कारण अक्षर खरोखरच चांगले आहे. मग ते म्हणाले, “बाकी हे म्हातारपणाचे उसासे आहेत. लातूरला हे कोणी वाचलं होतं म्हणालात?” मी सांगितले की सिद्रामप्पांच्या तेलाच्या दुकानामागे आमची बैठक असते, तिथे वाचले होते आणि तिथल्या लोकांनी पुढचे लिहा म्हणून सांगितले होते. “तेलाच्या दुकानात? मग बरोबर,” वकील म्हणाले. “तेलात सोडलं की सगळंच फुगतं.”

हे ते वाक्य. त्या दिवशी मला राग आला नाही. मला राग येतो तेव्हा आधी कान तापतात, आणि कान तापले की लगेच वाटते, चूक आपलीच असेल. घरी आलो, कागद ट्रंकेत तळाशी ठेवले. पण ते वाक्य ट्रंकेत ठेवता आले नाही. ते रोज थोडे थोडे माझ्या लातूरच्या आठवणींत मुरत गेले. वाटू लागले की त्या लोकांनी मला फुगवलेच असेल. बायको गेलेला, मान खाली घालून बसणारा म्हातारा. त्याला कोण काय बोलणार? शेषेरावांच्या चेहऱ्यावर मला जे लक्ष दिसत होते ती दया असेल. म्हणजे त्या वर्षांत मला जे काही मिळाले असे मी समजत होतो, ते मिळालेच नव्हते. मी बैठकीला जाऊन केवळाबाईंची गोष्ट वाचायची, त्यांनी खुशीत घरी जायचे, आणि तेही तेलातलेच फुगणे? मग उत्तर काय लिहू? येतो म्हणून लिहिले तर त्या खोटेपणात मी सामील. येत नाही म्हणून लिहायला हात उठत नव्हता. म्हणून पंचांग.

काल संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर मंडळाची सभा होती. सरकारी नियमाप्रमाणे सभेची परवानगी काढलेली होती, तिचा शिक्क्याचा कागद नेहमीप्रमाणे टेबलावर काचेच्या वजनाखाली होता. शेजारी पाण्याचा तांब्या, अध्यक्षांची पितळी घंटी. कन्याशाळेतली नवी शिक्षिका कुसुम आपली कथा वाचणार होती. मंडळात कथा वाचणारी ती पहिलीच बाई; दाराशी बायकांसाठी एक बाक ठेवला होता आणि त्यावर ती एकटीच होती. मी खांबाआड बसलो होतो. तिथून मला वकिलांचे टेबल दिसत नाही, ही त्या जागेची सोय आहे. कुसुम उभी राहिली आणि वाचू लागली. सुरुवातीचे काही शब्द पंख्याच्या दोरीच्या कुरकुरीत गेले. मग तिचा आवाज स्थिर झाला आणि मला कळायच्या आत माझी मान आपोआप खांबाकडे, पलीकडच्या चुन्याच्या भिंतीकडे वळली. लातूरची सवय. ऐकायचे म्हटले की माझे तोंड भिंतीकडे होते.

ही सवय सिद्रामप्पांमुळे लागली. सिद्रामप्पा करडीच्या तेलाचे व्यापारी, अंगाने दांडगे, आवाज ढोलासारखा. त्यांनी एकदा आपल्या घाण्याच्या बैलावर दोन पाने लिहिली. बैल डोळ्यांना झापड बांधून आयुष्यभर फिरला, मेला त्या दिवशी झापड काढली तर त्याचे डोळे उघडेच होते, असे काहीतरी. ती पाने त्यांनी शेषेरावांना वाचायला दिली आणि वाचन सुरू होताच हा एवढा मोठा माणूस उठून तेलाच्या डब्यांकडे तोंड करून बसला. आम्ही विचारले, हे काय? म्हणाले, “तुम्ही माझं तोंड बघून बोलणार. मी तुमचं तोंड बघून पुढं लिवणार. त्यापरीस हे डबे बरे.” तेव्हापासून तो नेमच झाला. लिहिणाऱ्याने आपले आपण वाचायचे नाही. ज्याच्या तोंडून ऐकावेसे वाटेल त्याच्या हातात कागद द्यायचे. आपण चटई टाकून भिंतीकडे तोंड करून बसायचे. वाचून झाल्यावर बाकीच्यांनी एकेकाने फक्त आपल्याला काय आठवते ते सांगायचे, कागद न बघता. चांगले म्हणायचे नाही, वाईट म्हणायचे नाही. ज्याच्या तोंडून ‘चांगलं’ निघेल त्याने पुढच्या बैठकीला भाजलेल्या शेंगा आणायच्या. सिद्रामप्पांना शेंगा फार आवडत. वाचन संपले की ते मुद्दाम म्हणत, “शेषेराव, कसं वाटलं म्हणता?” आणि शेषेराव गाफील असले की अडकत. आठवणी सांगून झाल्या की ज्याला वाटेल त्याने एक प्रश्न विचारायचा. एकच. त्याचे उत्तर तिथे द्यायचे नाही; जमले तर लिहून आणायचे.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला काय काय कळते, ते बसल्याशिवाय समजणार नाही. पाठीला कान फुटतात. आपल्या कथेतल्या विहिरीपाशी कोणीतरी मांडी बदलली हे कळते. एखाद्या वाक्यावर श्वास थांबला हे कळते. आणि आठवणी सांगायची वेळ आल्यावर तीन माणसे विहीर सांगतात आणि विहिरीनंतरचे कोणालाच काही आठवत नाही, तेव्हा जे कळते ते कोणत्याही टीकेने कळत नाही. माझ्या पहिल्या गोष्टीला हेच झाले. सिद्रामप्पा म्हणाले, “मला विहिरीपाशीच बसावं वाटत व्हतं. तुम्ही मला दंडाला धरून कुठं घेऊन चालला व्हता कुणास ठाव.” मी घरी जाऊन विहिरीनंतरची सगळी पाने काढून टाकली. याला फुगवणे म्हणतात का? काल खांबाआड बसून मी हे स्वतःला पहिल्यांदा विचारले, आणि कान तापू लागले.

एकदा कोणीतरी चुगली केली की तेलाच्या दुकानात विनापरवाना जलसे होतात. पोलिसांचे अमीनसाहेब स्वतः आले. मी नक्कलनवीस, उर्दू येणारा, म्हणून मला पुढे केले. अमीनसाहेबांनी विचारले, “सदर कौन है?” मी म्हणालो, अध्यक्ष कोणी नाही. “तकरीर कौन करता?” म्हटले, भाषण कोणीच करत नाही, ज्याने लिहिलेले असते तो तर बोलतही नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो. अमीनसाहेबांनी चटई बघितली, डबे बघितले, त्या दिवशी चटईवर बसलेले शेषेराव नियम मोडू नये म्हणून अजूनही वळले नव्हते, त्यांची पाठ बघितली. मग पोट हलवत हसले. “ये तो सजा है मियाँ, जलसा नहीं. सजा को परवानगी नको.” जाताना मूठभर शेंगा घेऊन गेले. ते गेल्यावर केवळाबाई म्हणाल्या, “शेषा, वळ आता. गेला फौजदार.” शेषेराव म्हणाले, “आधी काय काय आठवतं ते सांगा, मग वळतो.”

केवळाबाई शेषेरावांची थोरली बहीण. औशाच्या रस्त्यावर त्यांचे शेत. बाजारच्या दिवशी दोघे गाडीने यायचे. लिहायला त्यांना भावानेच शिकवले, तेही त्यांचे केस पांढरे व्हायला लागल्यावर. माझी पत्नी गेली त्या वर्षी मी तिच्या आजारपणावर लिहायला घेतले. सौदामिनी तिचे नाव. मी तिला आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही, कागदावर पहिल्यांदा लिहिले. शेषेरावांनी वाचले. मी चटईवर, समोर भिंतीवर तेलाचे ओघळ. वाचन संपल्यावर कोणी च्च केले नाही, कोणी उसासा टाकला नाही. शेषेराव स्वतः म्हणाले, “खोकला थांबला की घर मोठं वाटतं, ते आठवतं.” सिद्रामप्पा म्हणाले, “डॉक्टरच्या बुटाला चिखल. दारातनं खाटेपर्यंत चिखलाची पावलं.” मग केवळाबाईंनी आपला प्रश्न विचारला. “दादा, समदं दिसलं. वहिनी खोकली, पडदा हलला, डॉक्टर आला, गेला. ह्यात तुम्ही कुठं हायसा? तवा तुम्ही कोणच्या खोलीत व्हता?”

मी वळलो नाही. नियमच तो, आणि मला वळायचेही नव्हते. कारण मी तिथेच होतो. आजारपणाच्या त्या सगळ्या दुपारी मी तिच्या उशाशी बसून होतो, पिकदाणी माझ्या हातात होती. तिच्या कपाळावरचे केस घामाने चिकटायचे ते मी बाजूला करायचो. पण लिहायला बसलो तेव्हा मी मला लिहिण्याजोगा वाटलो नाही. कोण मी? दुसऱ्यांचे लिहिलेले उतरवून काढणारा माणूस. त्या गोष्टीत मी असलो काय, नसलो काय? मी स्वतःला इतक्या सफाईने गाळले होते की गाळले आहे हे माझ्याही ध्यानात आले नव्हते. ते एका बाईने माझ्या पाठीमागून, माझे तोंडही न बघता ओळखले. त्या प्रश्नाला जो म्हणेल ‘दया’, त्याने जन्मात कधी कोणाला प्रश्न विचारलेला नाही असे मी समजेन. तिथून पुढे मी गोष्टीत स्वतःला आणू लागलो. भीतभीत, दारापर्यंत, मग खाटेच्या पायथ्यापर्यंत. अजून उशाशी पोचायचा होतो. तीच अर्धी गोष्ट मी नांदेडला आणली आणि तिलाच वकील म्हणाले, म्हातारपणाचे उसासे.

कुसुम वाचत होती. गोष्ट एका मुलीला बघायला पाहुणे येतात, तिची. घरात आई आणि मुलगी. भिंतीवर खुंटी, खुंटीवर वडिलांचा कोट. ‘दोन वर्षे तो कोणी घातला नव्हता आणि कोणी काढलाही नव्हता.’ पाहुणे येतात. वराचा मामा टोपी काढतो आणि त्याच खुंटीवर, त्या कोटावरच अडकवतो. आई टोपीकडे बघते. मुलीला चालून दाखवायला सांगतात. मुलगी चालू लागते आणि थांबतच नाही. ओसरी, अंगण, दार, रस्ता, वळणावरच्या लिंबापर्यंत जाते. मग तशीच चालत परत येते आणि पाटावर बसते. ‘तिच्या पावलांना रस्त्याची धूळ होती. ती तिने पुसली नाही.’ गोष्ट इथे संपली. मी भिंतीकडे बघत होतो. माझ्या पाठीवर काटा आला होता, आणि मला भाजलेल्या शेंगांचा वास आला. खरोखर आला.

मग घंटी वाजली. वकिलांचे परीक्षण सुरू झाले. ते बोलतात फार गोड, मधे मधे थांबतात, हशाला जागा ठेवतात. म्हणाले, “मुलगी गेली आणि परत आली. कथा मात्र गेली ती परत आलीच नाही.” हशा. म्हणाले, “आमच्या भगिनी शाळेत चालण्याचा वर्ग घेतात काय?” पुन्हा हशा. मी खांबाआडून कुसुमकडे पाहिले. ती हसत होती. मी ओळखले ते हसू, ते माझेच होते, अक्षर सुरेख आहे म्हटल्यावरचे. तिच्या हातातले कागद मात्र हळूहळू गुंडाळले जात होते, घट्ट, काठीसारखे. आणि मग वकील गंभीर होऊन म्हणाले, “विनोद सोडा. कथेतला खरा दोष स्वभावचित्रणाचा आहे. मुलीचा बाप पाहा. घरात एवढा प्रसंग घडतो आहे आणि हा गृहस्थ मूग गिळून बसला आहे. असा बाप कोणी पाहिला आहे का? लेखिकेला त्याचा स्वभावच रंगवता आलेला नाही.” माना हलल्या. कोणीतरी म्हणाले, “अगदी खरं.” कोणीतरी ते टिपून घेतले.

मी आधी माझ्यावरच संशय घेतला. वाटले, आपण चुकीचे ऐकले असेल, वय झाले. मनात पुन्हा खुंटीपाशी गेलो. कोट, दोन वर्षे, कोणी घातला नाही, कोणी काढला नाही. टोपी. आईची नजर. नाही. बाप मेलेला होता. तो त्या गोष्टीत पहिल्यापासून मेलेला होता, त्या खुंटीवर लटकत होता, आणि त्या भरल्या माडीवर एकालाही तो दिसला नव्हता. त्यांनी ऐकलेच नव्हते. ते आपले हशे कुठे बसवायचे ते शोधत बसले होते. माझे कान तापले, आणि या वेळी त्यांच्या मागून चूक माझी असेल हा विचार आला नाही. मी वाट पाहिली, तो आला नाही. त्या जागी दुसरेच सगळे आले. माझी गोष्टही यांनी अशीच वाचली असणार. या माणसाच्या एका वाक्यावर मी शेषेरावांची, सिद्रामप्पांची, त्या बाईची पारख केली. तेलाचा वास येतो म्हणून मी त्यांना खोटे ठरवले, आणि याच्या टेबलावर पितळी घंटी आहे म्हणून याला खरे. न ऐकता नावे ठेवायची सनद याला कोणी दिली? एवढी माणसे जिना चढून येतात, परवानगीचा कागद काचेखाली ठेवतात, आणि एका मुलीने महिनोन् महिने मनात वागवलेले काही तिच्या तोंडावर हसून मोडायला बसतात, आणि त्याला साहित्यसेवा म्हणतात.

मी उभा राहिलो. खांबाआडून बाहेर येऊन, खांब धरून उभा राहिलो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “तिचा बाप मेलेला आहे,” मी म्हणालो.

वकिलांना कळले नाही. “कोणाचा बाप, रेणुकादासराव?”

“मुलीचा. गोष्टीतल्या. कोट दोन वर्षं खुंटीवर आहे. मामानं टोपी त्या कोटावर अडकवली.”

वकिलांनी टेबलावरचा तांब्या उगीच सरकवला. मग हसून म्हणाले, “वा. आपण कथेची नक्कल उत्तम दिलीत. सवयच ती. पण आपलं मत काय?”

“मत नाही,” मी म्हणालो. “मला काय आठवतं ते सांगितलं. टोपी आठवते. तुम्हाला काय आठवतं?”

मला यात कोणाला पेचात पकडायचे नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. लातूरला जे नेहमी विचारतात तेच माझ्या तोंडून गेले. वकील टेबलावरचे कागद चाळू लागले. मी बसणारच होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून मन्मथ मास्तर, चित्रकलेचे, जे या सभेत मी आल्यापासून कधी बोललेले मला माहीत नाहीत, खाली बघत म्हणाले, “धूळ. पायाची धूळ पुसली नाही.” आणि त्यांच्या शेजारचा, ज्याने मघाशी ‘अगदी खरं’ म्हटले होते तो, जरा थांबून चाचरत म्हणाला, “वळणावर लिंब होता ना? लिंबाचं झाड?” कुसुमने मान वर केली. हातातल्या कागदांची गुंडाळी तिने सैल सोडली. वकिलांनी घंटी वाजवली आणि पुढचा विषय पुकारला, वर्गणीचा.

जिन्याखाली ती माझ्यासाठी थांबली होती. म्हणाली, “आजोबा, मी ती आज घरी जाऊन फाडणार होते.”

“आता?”

“आता आईला वाचून दाखवते. टोपीचं तिला कळेल का ते बघते.” मग विचारले, “तुम्ही भिंतीकडे काय बघत होता मघाशी? मला वाटलं तुम्हाला कंटाळा आला.”

मी तिला लातूरची बैठक सांगितली. चटई, भिंत, शेंगा. ती म्हणाली, “भिंतीकडे तोंड करून? शिक्षा म्हणून?”

“अमीनसाहेबांनाही तसंच वाटलं होतं,” मी म्हणालो.

“बायकांना येऊ देतात?”

“एक बाई आहेत. प्रश्न त्याच विचारतात. मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.”

ती हसली. या वेळचे हसू निराळे होते. “मग द्या की,” म्हणाली आणि गेली.

घरी येईपर्यंत राग उतरेल असे वाटले होते. उतरला नाही. जेवताना उद्धवने विचारले, “बाबा, सभेत काही बोललात म्हणे? वकीलसाहेब तहसिलीत नेहमी येतात.” मी म्हणालो, “येऊ देत.” त्याने ताटावरून वर बघितले. असे उत्तर त्याने माझ्याकडून कधी ऐकले नसावे. मीही ऐकले नव्हते. आज सकाळी पंचांग उघडले, तिथी न बघताच पत्र काढले आणि दौतीत पाणी घालून शाई सैल केली. पहिला कागद मोठा झाला. त्यात वकील, घंटी, हशा सगळे आले. वाचून पाहिला आणि जाणवले, केवळाबाई विचारतील, ह्यात तुम्ही कुठं हायसा? तो कागद बाजूला ठेवला. दुसरा लिहिला तो एवढाच: ‘शेषेराव, पाडवा झाला की सरकारी प्रवासी मोटारीने निघतो. केवळाबाईंची गोष्ट मी वाचीन. त्यांना कागद पेटीतून काढायला सांगा. इथल्या कन्याशाळेतली एक मुलगी आपली गोष्ट माझ्याजवळ देईल असे वाटते. दिली तर ती सिद्रामप्पांनी वाचावी, त्यांच्या आवाजात टोपी चांगली दिसेल. चांगली म्हटले, तेव्हा शेंगा माझ्याकडे. केवळाबाईंना सांगा, मी उशाशी होतो. पिकदाणी माझ्या हातात होती. पुढचे लिहून आणतो. चटई असू द्या.’

उद्धव म्हणाला, मी टाकतो. मी म्हणालो, नको. टोपी घातली आणि टपालखान्यापर्यंत चालत गेलो. ऊन चढले होते. तिथली पेटी भिंतीतच बसवलेली आहे, नुसती फट दिसते. हात फटीशी गेल्यावर जुनी शंका आलीच. ‘पिकदाणी’ लिहायला नको होते की काय? एवढे खाजगी, टपालाने? वाटले, परत न्यावे, पुन्हा एकदा उतरवून काढावे. पत्र बोटांत होते. मग आतून काही पडल्याचा लहानसा आवाज आला आणि बोटे रिकामी होती. मी वळलो नाही. भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिलो, पाठीमागे कोणी काही सांगते का, ऐकत.

“आजोबा,” कोणीतरी मागून म्हणाले, “झालं असंल तर सरका की. आमालाबी टाकायचं हाय.”